आईचे तुकडे

आईची पाठ धरली, तेव्हा थोरल्याने शांतपणे जाहीर केलं, "आता आईचे तुकडे करावे लागतील."

बाबांच्या हातातून चष्मा पडला.

"कामाचे हो!" थोरला म्हणाला. तो प्रोग्रामर होता. माणसांशी बोलायची सवय कमी. "आई म्हणजे आमच्या ऑफिसचा जुना प्रोग्राम. सगळं एकाच ठिकाणी. ती बसली की घर बसलं. त्यापेक्षा छोटे स्वतंत्र विभाग बरे. प्रत्येकाने एकच काम करायचं आणि ग्रुपवर 'झालं' कळवायचं."

"तोंडाने सांगितलं तर?" धाकट्या बहिणीने विचारलं.

"विभाग बोलत नसतात. निरोप पाठवतात."

त्याच संध्याकाळी त्याचे साहेब घरी यायचे होते. ऑफिसचा प्रोग्राम असाच तोडायचा का आणि थोरल्याला त्या कामाचा प्रमुख करायचं का, हे तेच ठरवणार होते. थोरल्याने कॉफीवरच प्रात्यक्षिक दाखवायचं ठरवलं. बाबांकडे दूध, धाकटीकडे साखर. स्वतःकडची पावडर त्याने सकाळीच रिकाम्या पातेल्यात टाकून 'झालं' कळवलं होतं.

साहेब आले. बाबांनी त्याच पातेल्यात दूध ओतून ते गॅसवर ठेवलं, कळवलं आणि बाहेर येऊन पेपर उघडला. धाकटीने आत जाऊन साखर घातली, पण तिचा निरोप काही पोचेना.

"उत्तर नाही आलं की पुन्हा सांगायचं, असा नियमच आहे सर," म्हणत थोरल्याने पुन्हा 'साखर' पाठवलं. धाकटीने पुन्हा घातली. अशी साखर एकूण चारदा पडली.

"अगं, आधीच घातली होतीस ना?" बाबांनी पेपराआडून विचारलं.

"मला काय त्याचं? माझं काम घालायचं."

मग तिचे चारही 'झालं' एकदम आले.

"काहीतरी करपतंय का?" साहेबांनी नाक वर केलं.

थोरल्याने फोन पाहिला. "छे हो सर. सगळ्यांचं झालंय."

"अरे मेल्यांनो, गॅस कोण बंद करणार?" आतून आई ओरडली.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. तो विभाग कोणाकडेच नव्हता.

आई पलंगावरून उठली, धावत आली आणि तिने गॅस बंद केला. मग तिच्या लक्षात आलं, की आपण धावलो. पाठ चक्क सुटली होती.

साहेब स्वयंपाकघरात आले. पातेलं डांबरासारखं काळं. कप कोरडे. तीन फोनांवर 'झालं'. थोरल्याचं तोंड एवढंसं झालं.

साहेबांनी पातेल्यात वाकून पाहिलं. मग थोरल्याची पाठ थोपटली.

"मोठमोठ्या कंपन्यांत अगदी असंच चालतं," ते म्हणाले. "शाब्बास! सोमवारपासून तू प्रमुख."

"काय?" आई म्हणाली, आणि तिची पाठ पुन्हा धरली.