बेटाची स्वारी आणि वाळूच्या ढिगाचा वेढा

श्रोते सावध असोत. थोर थोर राजांनी मुलूख मारिले, दर्यात किल्ले बांधिले, त्यांची कीर्ती गाणारे पुष्कळ जाहले. परंतु एका चष्म्यांच्या दुकानदाराने सहकुटुंब वाळूच्या बेटावर तंबू ठोकून दोन राती काढाव्या ऐसा मनसुबा धरिला, आणि त्या मनसुब्यापायी स्वतःच्याच फाटकासमोर जे तुंबळ युद्ध करावे लागले, ते कोणी लिहून ठेविले नाही. सबब ही हकीकत जैसी घडली तैसी, तिखटमीठ न लाविता लिहिली असे. क्वचित लागले असल्यास ते चवीपुरते समजावे.

श्रीमंत बाबासाहेब हे चष्म्यांच्या दुकानाचे खावंद. पुरुष काटेकोर, नजर बारीक, शब्द तोंडातून गेला की तो हुकूम. आणि घरात हुकूम कोणी ऐकत नाही हे त्यांस पक्के ठाऊक, तरी द्यावयाचे सोडीत नसत. त्यांचे कुटुंब बाईसाहेब शाळेत खेळ शिकवीत, गळ्यात अष्टौप्रहर शिट्टी, आणि ती वाजली म्हणजे गल्लीतली कुत्रीदेखील भुंकावयाचे थांबत. त्यांची एकुलती कन्या ताईसाहेब शिक्षण पुरे करून दूरच्या शहरी चाकरी मिळवून बसली होती आणि पुढील महिन्यात कूच करणार होती. चौथे बाईसाहेबांचे बंधू मामासाहेब, दातांचे वैद्य. हे घरचे नव्हत, परंतु जेवणाच्या वेळेस घरचेच.

आता पूर्वीच्या मोहिमांची गत सांगणे जरूर आहे. बाबासाहेबांनी डोंगराची मोहीम आखिली, ती कोणी किती पिशव्या घ्याव्या या वादात जागीच ठार जाहली. मग तळ्याची मोहीम काढिली, ती आभाळ भरून आले म्हणून दारातून माघारी फिरली, आणि मग दिवसभर लख्ख ऊन पडले. यास्तव बेटाची गोष्ट निघताच ताईसाहेबांनी चहात बिस्किट बुडवता बुडवता सांगितले, "बाबा, या वेळी रद्द झालं ना, तर परत काही ठरवू नका. मी आता दर सुट्टीला येणार नाहीये."

बोलणे सहज होते. रागाचा लवलेश नव्हता. परंतु ते ऐकून बाबासाहेबांनी तोंडाशी नेलेला कप परत बशीत ठेविला. पोर जाणार, मग घरात एक खोली रिकामी राहणार, आणि उरलेली दोन माणसे एकमेकांस गॅस बंद केला का एवढेच विचारीत बसणार, हे चित्र त्यांस स्पष्ट दिसले. म्हणोन त्यांनी मनात शपथ वाहिली की काहीही होवो, लेकीस बेटावर न्यावयाचेच, आणि तिने जन्मभर लक्षात ठेवावे ऐसे न्यावयाचे.

मग स्वयंपाकघरात खलबत बसले. गाडीची तजवीज आधीच जाहली होती. जुनी परंतु उंचीपुरी, चारही चाकांस जोर देणारी गाडी बाबासाहेबांनी खरीदली होती, तीस ते 'गजराज' म्हणत आणि बाईसाहेब 'तुमचं ते' म्हणत. फर्राशखाना, म्हणजे तंबू व सतरंज्या, मामासाहेबांचे हवाली जाहला. त्यांनी सरावादाखल बैठकीच्या खोलीत तंबू उभा केला, आत कसे वाटते पाहू म्हणोन शिरले, आणि दिवे लागेपर्यंत घोरत राहिले, तोवर बाकी मंडळींनी दारातून मान वाकडी करून टीव्ही पाहिला. मुदपाकखाना बाईसाहेबांकडे, आणि त्यांचा इरादा बेटावर कुकर नेण्याचा. गाडीसकट बेटावर नेणाऱ्या नावेच्या वेळा व भरती-ओहोटीची खबर काढण्याचे काम ताईसाहेबांकडे होते. तिने अर्ज केला की त्या बेटावर रस्ताच नाही, ओहोटीस जो ओला किनारा उघडा पडतो तोच रस्ता, आणि जो भरतीआधी पलीकडे पोचला नाही त्याची गाडी दर्याचे घरची जाहली. खासे बाबासाहेबांनी सर्वांचे जादा चष्मे बांधून घेतले. मामासाहेबांस चष्मा नव्हता, तरी त्यांचाही एक घेतला.

येथवर सर्व यथास्थित चालले. मग बाईसाहेबांनी जो मुद्दा काढिला त्याने खलबतात दारूगोळा पडला. त्या म्हणाल्या, "वाळूत शिरायच्या आधी चाकांची हवा कमी करायची असते. निम्म्यापर्यंत. चाक पसरलं की रुतत नाही."

हे ऐकताच बाबासाहेबांचा चेहरा तांबडालाल जाहला. कारण त्या पुरुषाचे व्रत असे की दर रविवारी सकाळी, पारणे चुकेल पण हे चुकणार नाही, पेट्रोल पंपावर जाऊन चारही चाकांत आणि डिकीतल्या पाचव्यात हवा तपासून घ्यावी. पंपावरचा माणूस त्यांस लांबून पाहताच नळी उचलीत असे. घरात धूळ खात पडलेल्या सायकलीची चाकेसुद्धा टणक. सबब हुकूम सुटला की या घराण्यात हवा भरली जाते, काढली जात नाही, आणि हा विषय येथेच संपला.

"दाजी, सगळेच काढतात हो," ऐसे मामासाहेबांनी बटाटा सोलता सोलता सुचविले.

"सगळ्यांना काढू द्या," ऐसा जबाब गेला.

तेव्हा ताईसाहेबांनी विचारिले, "बाबा, तुम्ही वाळूत कधी गाडी घातलीय का?"

या सवालावर बाबासाहेबांची नजर खिडकीबाहेर गेली. शेजारी घर बांधावयाचे काम चालू होते आणि त्यापायी अर्ध्या गल्लीत वाळूचा भला थोरला ढीग पडला होता. या ढिगास बाबासाहेब महिनाभर रोज शिव्या देत आले होते. आज मात्र तोच ढीग त्यांस साक्षात बेट दिसला, आणि त्यांनी जाहीर केले की चाचणी उद्याच सकाळी होईल, ज्यांस शंका असेल त्यांनी फाटकाशी हजर राहावे.

दुसरे दिवशी रविवार. बाबासाहेबांनी प्रथम पंपावर जाऊन गजराजाची चाके ऐसी टणटणीत करून आणिली की बोटाने टिचकी मारिली असता ढोलासारखा आवाज यावा. मग स्वारी गल्लीच्या टोकाशी उभी राहिली. बाईसाहेबांनी शिट्टी फुंकिली. गजराज गर्जना करीत निघाला, आणि ढिगावर पुढची दोन चाके चढली, आणि बाबासाहेबांच्या मुखावर विजयाचे हसू उमटले, आणि ते हसू मुखावर असतानाच गाडी थांबली. मग त्यांनी जोर दिला. चाके गरगरा फिरली, वाळूचा फवारा उडाला तो मामासाहेबांच्या चहाच्या कपात पडला. आणखी जोर दिला, गाडी आणखी खाली बसली. जितका जोर तितकी अधोगती, ऐसे होता होता गजराजाने चारही पाय वाळूत खुपसले, पोट टेकले, आणि तो म्हशीने डबक्यात बसावे तैसा निवांत बसला.

इतक्यात वाळूचे किल्लेदार, म्हणजे बांधकामाचे मुकादम, विडी विझवून आले. त्यांनी गाडीस एक प्रदक्षिणा घातली.

"साहेब, गाडी काढता का? वाळू चाळायचीय."

"चाचणी चालू आहे," बाबासाहेब काचेतून म्हणाले.

"चालू द्या की. पण मिस्त्री खोळंबलेत."

त्याउपरि मोठा संग्राम जाहला. मुकादमांकडून फावडे आणि घमेले उसने आणून बाबासाहेबांनी स्वहस्ते चर खणिले. एक घमेले बाहेर टाकावे तो दोन घमेली आत घरंगळावी. मामासाहेबांनी मागून दोर बांधून दोन्ही पाय रोवून ओढ घेतली, दोर तुटला, आणि ते रस्त्यावर ऐसे बसले की पुढे बराच वेळ उभे राहूनच बोलत होते. रस्त्याने जाणारा जो तो थांबे आणि सल्ला देऊन जाई. कोणी म्हणे उजवीकडे कापा, कोणी म्हणे डावीकडे, आणि एका आजोबांनी आपण तरुणपणी बैलगाडी कैसी काढली होती ते पहिल्यापासून सांगितले. हवा काढा ऐसे मात्र सर्वांनीच सांगितले. तितके सोडून बाबासाहेबांनी सर्व करून पाहिले.

अखेरीस ऊन चढले. ताईसाहेब इतका वेळ फाटकास टेकून उभी होती, ती पुढे आली आणि म्हणाली, "राहू दे बाबा. नाही गेलो तर नाही गेलो. काही बिघडत नाही." ऐसे म्हणोन ती घराकडे वळली.

ती चिडली असती तर बाबासाहेबांस पुरवले असते. तिने भांडावे, आदळआपट करावी, म्हणजे समजूत तरी घालिता येते. परंतु जी माणसे काही बिघडत नाही म्हणतात ती मनाने आधीच निघून गेलेली असतात, हे त्यांस कळत होते. त्यांच्या हातातले फावडे गळाले. ते ढिगावर मटकन बसले, केसांत वाळू, कानांत वाळू, आणि जिभेवर एकही हुकूम नाही.

हे पाहून बाईसाहेबांनी शिट्टी गळ्यातून काढून खिशात ठेविली, आणि लेकीस हाक मारून थांबविले.

"थांब गं जरा. तुला हे कधी बोलायचे नाहीत, म्हणून मी सांगते. तुझ्या वेळी मला कळा सुरू झाल्या, गाडीपाशी गेलो तर पुढचं चाक बसलेलं. भर दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नाही. शेवटी डेअरीचा टेम्पो मिळाला. दुधाच्या कॅनांना धरून धरून मी दवाखान्यात पोचले. पुढे जागा नव्हती, हे टेम्पोच्या मागे धावत आले. तेव्हापासून यांचं हे हवेचं सुरू आहे."

ताईसाहेब बापाकडे पाहातच राहिली. बाबासाहेब बुटातली वाळू झटकू लागले, जैसे काही ते काम फार निकडीचे होते.

"मला का नाही सांगितलंत?"

"त्यात सांगण्यासारखं काय आहे," बाबासाहेब बुटास उद्देशून म्हणाले.

मग ती ढिगावर त्यांच्या शेजारी येऊन बसली. मुकादमांनी समंजसपणे दुसरी विडी पेटविली. मग ताईसाहेबांनी बापाच्या खांद्यावरची वाळू झाडली आणि म्हणाली, "बाबा, पोचले ना मी त्या दिवशी? चांगली ठणठणीत पोचले. आता काढा हवा."

मोठमोठे वेढे एका वाक्याने उठतात ते ऐसे. बाबासाहेबांनी सदऱ्याच्या खिशातून चष्म्याचे स्क्रू पिळावयाचा इवलासा पेचकस काढिला, पहिल्या चाकापाशी गुडघे टेकिले, डोळे मिटिले, आणि हवेच्या झडपेतली बारीक कळ दाबली. फुस्स ऐसा आवाज जाहला, तैसा त्यांचाही एक दीर्घ श्वास सुटला. दुसऱ्या चाकास डोळे उघडे राहिले. तिसऱ्यापाशी हात सराईतासारखा चालला. चौथ्यापाशी तर ते कान देऊन ऐकत बसले आणि पुरे आता, पुरे, ऐसे मायेने पुटपुटले.

ते अजून गुडघ्यांवर असतानाच इंजिन सुरू जाहले. त्यांनी मान वर करून पाहिले, तो सुकाणूवर ताईसाहेब. पोरीस परवाना मिळून दोन वर्षे लोटली होती, परंतु गाडी मागितली की उद्या बघू, ऐसे बाबासाहेब म्हणत आणि तो उद्या कधी उजाडत नसे. आता त्यांनी मनाईहुकूम काढण्यास तोंड उघडिले. हुकूम आला नाही. ते नुसतेच बाजूस सरले, आणि बाईसाहेबांनी खिशातून शिट्टी काढून ऐसी फुंकिली की मिस्त्रीदेखील कामावर आले.

ताईसाहेबांनी घाई केली नाही. चाके वाळूवर पसरली, गजराज एकदा हुंकारला, आणि शेणाने सारवलेल्या अंगणातून यावे तैसा हळूहळू मागे मागे येऊन डांबरावर उभा राहिला. मंडळींनी टाळ्या वाजविण्यास हात उचलिले, तो तिने कोणास न पुसता पुन्हा पुढे घातला, आणि तोच ढीग अलगद चढून, माथ्यावर क्षणभर डोलून, पलीकडच्या अंगास उतरून दाखविला.

"आता चाळू का?" मुकादमांनी विचारिले.

बाबासाहेब चालत खिडकीपाशी गेले. ताईसाहेब उतरू लागली. त्यांनी दारावर हात ठेविला.

"बस. बेटावर तूच ने."

"आणि तुम्ही?"

"मी मागे बसतो. कुकरपाशी."

येणेप्रमाणे बेटाची स्वारी मुक्रर जाहली. नावेत जागा राखण्याचे काम ताईसाहेबांनी तेथेच, सुकाणूवर बसल्या बसल्या, मोबाइलवरून उरकले. या युद्धात एक दोर, एक कप चहा आणि मामासाहेबांची डावी चप्पल कामास आली. चप्पल मागाहून चाळणीत सापडली. मुकादमांशी तह होऊन फावडे परत गेले. मग सर्व फौज गाडीत बसून, ढिगापासून फाटकापर्यंत, मिरवत निघाली. बाबासाहेबांस पिछाडीचा मान मिळाला. ते अंग चोरून बसले होते, गुडघे हनुवटीशी आले होते, आणि पुढे त्यांस लेकीची मान व वेणी तेवढी दिसत होती. गाडी हालण्यापूर्वी तिने आरशात पाहून विचारिले, "बाबा, नीट बसलात ना?"

हा सवाल ती दुधदातांची होती तेव्हापासून या घरच्या गाडीत बाबासाहेबच करीत आले होते. आज पहिल्यानेच त्यांस जबाब द्यावा लागला. तो त्यांनी हो म्हणोन दिला. फत्ते जाहली. जबाब देते समयी बाबासाहेबांच्या डोळ्यांस पाणी होते. वाळू गेली ऐसे त्यांनी कळविले, ते कळविल्याप्रमाणे येथे नोंदिले असे.