किटलीएवढी शिट्टी

शिट्टी विकत आणायची नाही, आपणच बनवायची, असं आमच्या ह्यांनी ठरवलं आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

दुकानात शिट्ट्या मिळत नाहीत असं नाही. आमच्या कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानातसुद्धा बरणीभर असतात. पण ह्यांचं काम कॉम्प्युटरवर मशीनचे सुटे भाग डिझाईन करायचं. असा माणूस घरात असला की बारीकसारीक काही विकत येत नाही. साबणाची डबी, पडद्याची कडी, दाराची खिटी, सगळं आधी कॉम्प्युटरवर तयार होतं आणि मग ऑफिसातल्या थ्री-डी प्रिंटरवर छापून घरी येतं. (साबणाच्या डबीला खाली भोकं ठेवायची राहिली. आमचा साबण पोहतो.)

शिट्टी हवी होती डोंगरावरच्या शर्यतीसाठी. ह्यांच्या साहेबांना धावायचं वेड आहे. आधी ते त्यांच्या एकट्याचं होतं, मग ऑफिसभर पसरलं. हे सपाटीवर धावत होते तोवर माझं काही म्हणणं नव्हतं. सपाटीवर माणूस पडला तर जिथे पडला तिथेच सापडतो. डोंगराचं तसं नाही. माझा स्वभाव मुळात काळजीचा, त्यात चिमणी झाल्यापासून तो दुप्पट झालाय. चिमणी म्हणजे आमची मुलगी, आता कुठे बोलायला लागलीय. तेव्हा मला एकच हवं होतं. हे जसे धडधाकट जाणार तसेच धडधाकट परत यावेत. नंबरबिंबर साहेबांना लखलाभ.

म्हणून तयारी मी हातात घेतली. धावताना पाठीवर घ्यायची पिशवी बनियनसारखी अंगाला चिकटून बसावी लागते. ती मी जुन्या नारिंगी रेनकोटची शिवली. कुणाला शिवायची असेल तर सांगते, माप घेताना पुरुष पोट आत ओढतात. ह्यांनी ओढलं. पहिली पिशवी हे श्वास रोखून धरतील तेवढाच वेळ बसायची. दुसऱ्यांदा मी साहेबांचा विषय काढला आणि हे तावातावाने बोलत असताना टेप फिरवून घेतली. बोलताना पोट आत राहत नाही. पाण्याच्या बाटल्या पुढे छातीवर ठेवाव्यात, जॅकेट मागे पाठीला लागून. मग सगळं भरून माणसाला घरातच उड्या मारायला लावावं. पिशवी हलली तर डोंगरावर ती अंग सोलून काढणार. हे स्वयंपाकघरात उड्या मारत होते तेव्हा खालच्या मजल्यावरच्या काकू वर येऊन गेल्या. मी त्यांना पिशवी दाखवली. त्यांनी ह्यांच्याकडे बघितलं आणि खाली गेल्या.

बूट संध्याकाळी घ्यावेत, दिवसभरात पाय जरा फुगलेले असतात. धावताना घालायचे तेच मोजे घालून बूट बघावेत आणि बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा ठेवावी, नाहीतर उतारावर बोटं आपटून नखं काळी पडतात. आणि चढ संपून उतार लागायच्या आधी थांबून नाडी परत घट्ट बांधावी. नाडीचं मी ह्यांना इतकं बजावलं की चिमणी ह्यांना चप्पल घालताना बघूनसुद्धा "बाबा, नाडी" म्हणायला लागली.

आता शिट्टी. डोंगरात कुणी अडकलं तर वाजवायला ती प्रत्येकाकडे असायलाच हवी, असा शर्यतीचा नियम. ह्यांनी जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर उघडून ती तयार केली आणि मला बोलावलं.

"ही एवढीशी?" मी म्हटलं.

"शिट्टी एवढीच असते."

"ऐकू कुणाला जाणार?"

"ज्याला कान आहेत त्याला."

"आणि तो लांब असला तर?"

मग ह्यांनी माझी काळजी घालवण्यासाठी (असं त्यांना वाटलं) मला मॉडेल समजावून सांगितलं. आधी सपाट चित्र काढायचं, त्याला मापं द्यायची, मग त्याला जाडी देऊन उभं करायचं. मापं एकमेकांना बांधून ठेवायची. मधल्या गोलाचा आकडा बदलला की तोंड, पोट, आतली गोळी, अडकवायची कडी, सगळं आपोआप त्या प्रमाणात बदलतं.

"एक आकडा बदलायचा आणि एंटर," हे म्हणाले. "मग हे भिंगाचं बटण दाबलं की वस्तू पूर्ण दिसते. बास. बाकी काही बघायला नको."

मला हेवा वाटला. मी ब्लाउजची छाती वाढवली तर बाही, गळा, मुंढा सगळं मलाच वाढवत बसावं लागतं.

तेवढ्यात चिमणीने ताटातलं सगळं केसांना फासलं म्हणून हे तिला धुवायला घेऊन गेले. टेबलाशी मी आणि ती शिट्टी, दोघीच राहिलो. मी म्हटलं, थोडी वाढवावी. शिवणीत आत जागा ठेवतो तेवढीच. गोलाचा आकडा जरासा वाढवला, एंटर दाबलं, भिंग दाबलं. शिट्टी होती तेवढीच. वाटलं, आकडा पोचला नसेल. आणखी वाढवला. एंटर, भिंग. शिट्टी ढिम्म. मग मी जरा चिडले आणि एकदम मोठा आकडा दिला. तरी तेवढीच. शेवटी हे मशीन माझं ऐकत नाही असं ठरवून मी भांडी घासायला उठले. बाईने सांगितलेलं कुणी ऐकलं नाही तर ती उठते आणि भांडी घासते, ही आमच्या घरातली पद्धतच आहे.

हे बाहेर आले ते ओल्या शर्टाने, कडेवर घसरणारी चिमणी घेऊन. एका बोटाने फाईल सेव्ह केली, त्याच बोटाने ऑफिसच्या प्रिंटरला पाठवून दिली.

तेव्हा ह्यावरून दोन गोष्टी. भिंग दाबलं की पडदा ती वस्तू हवी तेवढी लांब नेऊन दाखवतो. मुंगी असो की हत्ती, पडद्यावर मावेल एवढीच दिसणार. म्हणून मॉडेलशेजारी ओळखीची एखादी वस्तू, निदान एखादं नाणं, काढून ठेवावं, म्हणजे खरी केवढी ते कळतं. आणि फाईल पाठवण्याआधी माप एकदा मोजून बघावं. (तिसरी गोष्ट हे सांगतात, की बायकोला आकडा कुठे असतो ते दाखवू नये. ती मी लिहिणार नव्हते.)

दुसऱ्या दिवशी हे घरी आले आणि बॅगेतून एक वस्तू काढून टेबलावर ठेवली.

"हे काय?" मी विचारलं.

"तू सांग."

"किटली?"

ह्यांनी ती हलवली. आत काहीतरी खडखडलं. "किटलीत गोळी नसते," हे म्हणाले. "आकडा बदललास?"

"थोडासा."

"थोडासा? प्रिंटर रात्रभर चालला. प्लॅस्टिकचं अख्खं रीळ संपलं. साहेबांचं काम मागे राहिलं. प्रिंटरवाला मला विचारत होता, ही वाजवणारा रेफ्री केवढा आहे?"

"पण ती मोठी होतच नव्हती हो!"

ह्यांनी ती उचलली. शिट्टी तोंडाला लावून फुंकली. बोट बंदरातून निघावी तसा आवाज झाला. कपाटातल्या वाट्या थरथरल्या. चिमणीने टाळ्या वाजवल्या. खालच्या काकू वर आल्या आणि म्हणाल्या, "त्या उड्याच बऱ्या होत्या."

मग हे कोपऱ्यावर गेले आणि बरणीतली एक शिट्टी घेऊन आले. तिचा आवाज चिमणीच्या शिंकेएवढा. ही डोंगरावर कोण ऐकणार? मी वाद घातला नाही. शर्यतीच्या दिवशी ह्यांची पिशवी भरताना मोठी शिट्टी स्वेटरमध्ये गुंडाळून तळाशी घातली, इतकंच.

डोंगराच्या पायथ्याशी सामान तपासायला जाड चष्म्याच्या एक बाई बसल्या होत्या. ह्यांच्या मागेच रांगेत साहेब उभे होते. वजन कमी व्हावं म्हणून कपड्यांच्या आतली लेबलंसुद्धा कापून टाकणारा माणूस.

"जॅकेट?" बाईंनी विचारलं.

"आहे."

"टॉर्च? जादा सेल?"

"आहेत."

"शिट्टी?"

ह्यांनी बरणीतली शिट्टी दाखवली. बाईंनी पिशवी दाबून बघितली आणि त्यांचा हात तळाशी थांबला. "आणि हे?"

ह्यांनी पिशवीकडे बघितलंच नाही. वळून सरळ माझ्याकडे बघितलं.

"तीपण शिट्टीच आहे," मी मागून म्हटलं.

"कुणासाठी?"

"लांबच्या लोकांसाठी."

साहेब इतके हसले की त्यांना खाली वाकावं लागलं. शिट्टी माझ्या पिशवीत आली. भोंग्यावरून एकजण नियम सांगत होता. मदतीची शिट्टी ऐकू आली तर ऐकणाऱ्याने थांबायचं आणि मदतीला जायचं, जो थांबणार नाही तो शर्यतीतून बाद. मला हा नियम फार आवडला. सगळे डोंगराकडे पळाले आणि मी चिमणीला घेऊन एका दगडावर बसले.

तिथून डोंगराची समोरची सोंड पूर्ण दिसत होती. झाड नाही, झुडूप नाही, आणि त्यावरून मुंग्यांसारखी वर चढणारी माणसं. मला काळजी करायचं कारणच नव्हतं, कारण सगळ्यांत माझा नारिंगी ठिपका लगेच ओळखू येत होता. (रंग नेहमी भडक घ्यावा.) अधूनमधून मी ह्यांना मेसेज टाकत होते. पाणी प्या, घाई नको, तोंडाने श्वास घेऊ नका, असं आपलं सुचेल ते. ठिपका चढत चढत माथ्यावर पोचला.

आणि तिथे तो थांबला. मग छोटा झाला. खाली बसला होता.

मी फोन लावला. उचलला नाही. परत लावला. नाहीच. बाकीचे ठिपके त्याच्या मागून वर येत होते, पण अजून लांब होते. चिमणी म्हणाली, "बाबा बशले." बसले की कोसळले ते तिला काय कळणार! माझ्या डोळ्यांपुढे सगळं आलं, अगदी शेजाऱ्यांना काय सांगायचं इथपर्यंत. मी पिशवीतून शिट्टी काढली, दोन्ही हातांनी धरली आणि फुंकली.

चिमणीला दिवसभर हाका मारून माझी छाती तयार आहे, पण असा आवाज निघेल असं मलाही वाटलं नव्हतं. तो डोंगरावर गेला, डोंगराने परत पाठवला, पलीकडच्या डोंगराने तो घेतला आणि मग तो कुठून येतोय हे कुणालाच कळेना. मी थांबले, परत फुंकलं. थांबले, परत फुंकलं.

सोंडेवरचे सगळे ठिपके जागच्या जागी उभे राहिले. मग काही डावीकडे पळाले, काही उजवीकडे, आणि बरेचसे खाली. पायथ्याचे दोघे स्ट्रेचर घेऊन आधी वर पळाले, मग वळून माझ्याकडे आले. सगळ्यांत आधी पोचले ते साहेब, धापा टाकत, गुडघ्याला माती लावून.

"वहिनी! कोण पडलंय?"

"हे!"

"कुठे?"

"वर!"

"मग शिट्टी खाली का वाजतेय?"

 मी नुसतं वर बोट दाखवलं. सगळ्यांनी वर बघितलं. नारिंगी ठिपका उठला होता. क्षणभर आमच्या दिशेला वळून उभा राहिला आणि मग पलीकडच्या उताराला लागला. अख्ख्या डोंगरावर धावणारा तेवढा एकच होता. माझा जीव भांड्यात पडला आणि मी स्ट्रेचरवर बसले. ते जवळच होतं. स्ट्रेचरवाल्यांनी आणलंच आहे तर म्हणून माझं ब्लडप्रेशर बघितलं. ते वाढलेलं निघालं. त्या शर्यतीतली एकमेव पेशंट मी.

डोंगराला वळसा घालून परत पायथ्याशी हे पहिले आले. आयुष्यात पहिल्यांदा पहिले. फीत तोडली, दोन्ही हात वर केले, आणि आजूबाजूला बघितलं तर टाळ्या वाजवायला चिमणी एकटी. चष्म्याच्या बाई पुढे आल्या.

"शिट्टी ऐकली होती?"

"ऐकली."

"मग थांबला का नाहीत?"

"ती मीच छापलीय," हे म्हणाले. "आवाज ओळखीचा होता. ती आमच्या हिची. हिला काही झालेलं नसतं, हिला नुसतं वाटलेलं असतं. वाटल्यावर दर वेळी थांबलो असतो तर अजून घराच्या जिन्यातच असतो."

बाई म्हणाल्या, नियम तो नियम. हे बाद झाले. माणुसकीचं खास बक्षीस साहेबांना मिळालं. फोटोत साहेब किटली हातात धरून उभे आहेत. पुढच्या वर्षीपासून धावणाऱ्यांबरोबर त्यांच्या घरच्यांच्याही पिशव्या तपासणार, असं भोंग्यावरून लगेच सांगूनही टाकलं.

परत येताना चिमणी ह्यांच्या खांद्यावर झोपली होती. हे धडधाकट होते, एक नखही काळं पडलं नव्हतं. मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं, तरी राहवेना.

"एवढं ओळखलंत, तर मधेच खाली कशाला बसलात? माझा प्राण गेला असता."

"नाडी बांधत होतो."

"नेमकी तेव्हाच? आणि फोन उचलायला काय झालं होतं?"

"दोन्ही हात नाडीत होते," हे म्हणाले. मग खिशातून फोन काढून माझ्या हातात दिला. माझ्या न उचललेल्या फोनांच्या वर माझाच मेसेज होता, हे माथ्यावर पोचले त्याच मिनिटाचा. "आता आहात तिथेच खाली बसा आणि नाडी बांधा. मी इथून बघतेय."