आल्बेर्टिनबाईंचे दार

सोमवार, २१ डिसेंबर २०२०. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी लीव्हन फेरहार्टने आपल्या आईच्या घराचे पुढचे दार बिजागऱ्यांवरून उचलले आणि भिंतीला टेकवून ठेवले.

"आता?" आल्बेर्टिनबाईंनी विचारले. वय एक्याऐंशी, अंगात ओव्हरकोट, हातात कॉफीचा कप.

"आता तू कुठल्याच देशात नाहीस. दुपारच्या जेवणापर्यंत हॉलंडात जाशील."

ग्रेन्सहाउट गावात हे बोलणे कुणाला वेडेपणाचे वाटले नसते. बेल्जियम आणि हॉलंडची सीमा तिथे बेकरीच्या काउंटरखालून निघते, चर्चला वळसा घालते आणि आल्बेर्टिनबाईंच्या जेवणाच्या टेबलाखालून पुढे जाते. घर कोणत्या देशातले, हे पुढचे दार कुठे उघडते त्यावर ठरते. बाईंचे दार बेल्जियममध्ये उघडत असे. म्हणून त्यांचे टपाल, कचऱ्याची पिशवी आणि पंतप्रधान बेल्जियमचे. स्वयंपाकघराची खिडकी मात्र हॉलंडात. बावन्न वर्षे यामुळे कुणाचे काही अडले नव्हते.

अडले ते कोरोनाच्या साथीतल्या या नाताळात. एकट्या राहणाऱ्या माणसाने नाताळच्या जेवणाला दोनच पाहुणे बोलवावेत, असे बेल्जियमने ठरवले. हॉलंडने तीन ठरवले. आल्बेर्टिनबाईंना मुले तीन.

एप्रिलमध्ये त्यांचे यजमान गेले. अंत्यविधीला तिन्ही मुले आली होती, एकमेकांपासून दीड-दीड मीटरवर. त्यानंतर ती तिघे एका टेबलावर बसली नव्हती. आता त्यांतल्या एकाला "तू येऊ नकोस" म्हणायचे, आणि ते आईने म्हणायचे. तीन आठवडे बाई कुणाशीच या विषयावर बोलल्या नाहीत.

मुले मात्र दर रविवारी व्हिडिओवर बोलत. थोरला लीव्हन गावाच्या हॉलंडमधल्या बाजूला राहायचा आणि शाळेत सुतारकाम शिकवायचा. त्याच्याकडे एक वही होती. रोज अकरा वाजता तो त्यात दोन्ही देशांचे आकडे उतरवून ठेवी.

"तुमच्या बेल्जियममध्ये माणसं बघ किती गेली," तो बहिणीला म्हणे.

"आम्ही नुसता संशय असला तरी धरतो," बेल्जियममध्ये औषधाच्या दुकानात काम करणारी ग्रीट उसळून म्हणे. "तुमच्याकडे तपासणी झाली नसेल, तर माणूस मेलाच नाही!"

"आमच्याकडे लोकांच्या अकलेवर भरवसा ठेवतात."

"दिसतंय ना. मास्क लावायची अक्कल यायला डिसेंबर उजाडला."

"जर्मनीत कसं आहे..." आखेनला राहणारा धाकटा वान्नेस सुरुवात करी.

"तू गप्प बस! सोळा राज्यं आणि सोळा नियम!" दोघे एकदमच ओरडत. साऱ्या साथीत हॉलंड आणि बेल्जियमचे एकमत झाले ते एवढ्या एका मुद्द्यावर.

"आई, तू काय म्हणतेस?"

"मी म्हणते, ससा किती किलोचा आणू?"

अशाच एका रविवारी लीव्हनला दाराची कल्पना सुचली. खिडकीखालची भिंत फोडायची, तिथे दार बसवायचे आणि जुन्या जागी फळ्या ठोकायच्या. परवाना मागाहून काढता येईल. दोनदा मोजा, एकदा कापा, हे तो मुलांना वीस वर्षे शिकवत आला होता. त्याने तीनदा मोजले.

दहा वाजता खिडकी चौकटीसकट निघाली. दहा वाजून चाळीस मिनिटांनी तिच्याखालच्या भिंतीत, गुडघ्याच्या उंचीवर, पिवळी नळी दिसली. गॅसची.

"ही इथं कधी आली?"

"शहात्तर साली," बाई म्हणाल्या. "तुझ्या बाबांनी घेतली होती."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कुठं? तू मोजत होतास."

गॅस कंपनीने फोनवर ४ जानेवारीनंतरची तारीख दिली. लीव्हनने निमूटपणे दार परत जुन्या जागी न्यायचे ठरवले. पण दाराची जुनी चौकट त्याने सकाळीच पहारीने उपटली होती आणि तिचे तीन तुकडे झाले होते. अकरा वाजून गेले. वहीत आकडे उतरले नाहीत.

नवी चौकट हवी होती. हॉलंडातली दुकाने आठवड्यापासून बंद. बेल्जियममधली उघडी, पण आत एकट्याने जायचे आणि अर्ध्या तासात बाहेर पडायचे. दोन मीटर दहा सेंटिमीटरची चौकट उचलायला माणसे दोन लागतात. लीव्हनने मदतीला ग्रीटला बोलावले. दुकानाच्या दारातला माणूस म्हणाला, "दोघांतला एकच."

"मग चौकट उचलणार कोण?"

"ते सरकारनं सांगितलेलं नाही."

"हेच ते!" लीव्हन बहिणीवर उखडला. "हॉलंडात असं झालं नसतं!"

"हॉलंडात दुकानच बंद आहे, शहाण्या!"

दोघे रिकाम्या हातांनी परतले तेव्हा घरासमोर दोन पोलीस उभे होते. पत्र टाकायला दारच नाही, अशी खबर टपालवाल्याने ठाण्यात दिली होती. गावातले ठाणे एक, टेबले दोन. एका टेबलावर बेल्जियमचा सोमर्स बसतो, समोरच्या टेबलावर हॉलंडचा फान डोंगेन. दोघेही आले होते आणि दोघांकडेही मोजपट्टी होती.

"माझ्या बाजूला दार नाही," सोमर्स म्हणाला. "हे घर माझ्याकडे येत नाही."

"माझ्या बाजूला तर खिडकीसुद्धा नाही," फान डोंगेन म्हणाला. "तू घे."

"तू घे. भोक तुझ्याकडचं मोठं आहे."

"अरे, मी काय शिळा पाव आहे?" आतून बाईंचा आवाज आला. "सोमर्स, तुझ्या बाप्तिस्म्याला केक मी केला होता. नीट सांग. नाताळला माझी किती मुलं येऊ शकतात?"

सोमर्सने टोपी काढली. मग तो घराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला. वाटेत अडवायला काहीच नव्हते. वारा त्याच्याबरोबरच चालला होता.

"वर छप्पर आहे," तो सावकाश म्हणाला. "पण दोन बाजू उघड्या. आमच्या नियमात याला घर म्हणता येत नाही. हे अंगण झालं."

"आणि अंगणात?"

"अंगणात चार पाहुणे चालतात, बाई."

फान डोंगेनने थोडा विचार करून मान डोलावली. "मला त्यात काही दिसत नाही," तो म्हणाला आणि खरोखरच दुसरीकडे पाहू लागला.

जाताना सोमर्सने बजावले, "रात्री ताडपत्री सोडा. जेवताना मात्र वर गुंडाळा. खाली सोडलीत की घर झालं."

शुक्रवार, २५ डिसेंबर. दुपारी एक वाजता आल्बेर्टिनबाईंची तिन्ही मुले टेबलावर बसली. तिघांच्या अंगात ओव्हरकोट, डोक्यावर लोकरी टोप्या. ताडपत्र्या वर गुंडाळलेल्या. सुक्या आलूबुखारात शिजवलेला ससा ताटात येईपर्यंत निवत होता. यजमानांच्या रिकाम्या खुर्चीवर बाईंनी जादा घोंगड्या ठेवल्या होत्या. लीव्हनने वही आणली नव्हती. पहिला तासभर कुणी कोणत्याही देशाचे नाव काढले नाही. सगळ्यांनी गरम सूप तीन-तीनदा घेतले, त्यावर बिअर घेतली आणि मग थंडी वाजते म्हणून कॉफी.

अडीच वाजता गस्तीवरचा सोमर्स भोकातून डोकावला.

"छान! सगळं नियमात आहे," तो म्हणाला. "फक्त एक राहिलं. अंगणातल्या पाहुण्यांपैकी एकालाच घरात जाऊन संडास वापरता येतो."

"पण घर आहे कुठं?" ग्रीटने विचारले.

सोमर्सने सभोवार पाहिले. चार भिंती आणि बंद होणारे दार असलेली एकच खोली उरली होती.

"ते," तो म्हणाला.

"संडास म्हणजे घर?"

"सध्यातरी. त्यात जाणारा पाहुणा कोण, ते यजमानीणबाईंनी ठरवायचं. कुणीही एक. तिघांतला." त्याने टोपीला हात लावला आणि तो निघून गेला.

मग तिघांनी हळूहळू माना आईकडे वळवल्या.

"मला काही गरज नाही," लीव्हन म्हणाला.

"मला तर मुळीच नाही," ग्रीटने पाय एकमेकांवर टाकले.

"जर्मनीत..." वान्नेस म्हणाला.

"गप्प बस!"

"आई, तू सांग. मनात येईल ते नाव घे," लीव्हन म्हणाला. "कुणाला वाईट वाटणार नाही." त्याच्या आवाजात किंचित कंप होता, तो थंडीचा असावा.

बाईंनी तिघांकडे एकेक करून पाहिले. मग त्या उठल्या आणि त्यांनी शेगडीवर कॉफीची किटली चढवली.

सव्वाचार वाजता, बाहेर अंधारू लागले होते तेव्हा, किटली चौथ्यांदा भरली जात होती. आल्बेर्टिनबाईंनी अजून कुणाचेही नाव घेतले नव्हते. तिन्ही मुले टेबलावर होती आणि एकही जागचे हलले नव्हते.