उजवीकडे गेलेली बाही

अकरा वाजायला वीस मिनिटं असताना सूनबाईची बाही हरवली. अंगातली नव्हे, लॅपटॉपमधली. एका वाद्यवृंदातल्या साठ वादकांना काळे कोट हवे होते आणि त्या कोटाचा पॅटर्न सूनबाई घरी बसून लॅपटॉपवर काढत होती. पाठ तयार होती, पुढचे भाग तयार होते. अडलं होतं ते बाहीपाशी.

ही बाही आधी दोनदा नापास झाली होती. नमुन्याचा कोट घालून माणूस उभा राहिला की राजबिंडा दिसायचा, पण व्हायोलिनवाल्याने गज चालवायला हात उचलला की अख्खा कोट कानापर्यंत चढायचा. "तिसऱ्यांदाही नाही जमलं, तर आम्ही दुसरीकडे बघू हं," असं वाद्यवृंदाच्या व्यवस्थापकबाईंनी अतिशय गोड आवाजात कळवलं होतं. सूनबाईचं हे स्वतःच्या नावावर घेतलेलं पहिलंच काम. ते गेलं असतं तर पुन्हा दुसऱ्याच्या हाताखाली बटणपट्ट्या काढत बसायची वेळ आली असती.

आता गंमत बघा. ज्या घरात ही बाही अडली होती, त्याच घरात सेहेचाळीस वर्षं कोट कापलेला माणूस राहत होता. सूनबाईचे सासरे. त्यांना सगळे मास्तर म्हणत, ती बाबा म्हणायची. पण त्यांना विचारणार कसं? लॅपटॉपवर काढलेला पहिला पॅटर्न तिने हौसेने दाखवला तेव्हा मास्तर म्हणाले होते, "छान आहे. घालणार कोण, लॅपटॉप?" त्यावर ती बोलून गेली होती, "बाबा, खडूचे दिवस गेले आता." आपण हे बोलायला नको होतं, असं दोघांनाही त्याच क्षणी वाटलं होतं. पण ते एकमेकांना सांगायला जीभ रेटली नाही. तेव्हापासून घरात औषधांवर, भाज्यांवर, शेजारच्यांच्या कुत्र्यावर भरपूर बोलणं व्हायचं. शिवणकामाचा विषय निघाला, की दोघांपैकी एकाला काहीतरी काम आठवायचं.

त्या सकाळी तिची अडचण वेगळीच होती. अकराला व्यवस्थापकबाईंशी व्हिडिओवर मीटिंग, आणि लॅपटॉपचा पडदा एवढासा. बाई दिसल्या तर बाही दिसणार नाही, बाही दिसली तर बाई दिसणार नाहीत.

"बाबांचा टॅब घे ना," नवरा म्हणाला. "लॅपटॉपला जोडून देतो. इकडे मीटिंग, तिकडे पॅटर्न. दोन पडदे."

"वायर आहे?"

"वायर कशाला? हवेतून."

त्याने टॅब स्टँडवर उभा केला, लॅपटॉपच्या उजव्या हाताला, आणि कसलीकसली बटणं दाबली. सूनबाईने माऊस उजवीकडे नेला. बाण लॅपटॉपच्या काठापाशी गेला, नाहीसा झाला, आणि टॅबच्या डाव्या काठातून अलगद बाहेर आला. मधे चार बोटं मोकळी जागा होती, टेबलाचं लाकूड स्वच्छ दिसत होतं, आणि तेवढ्या जागेत बाण कुठेच नव्हता! तिने तो पाच वेळा नेला आणि पाच वेळा आणला. मग बाहीची अख्खी चौकट ओढून पाहिली. अर्धी बाही इथे, अर्धी तिथे. भिंत मागे सरकवून खोली मोठी करावी, तसं वाटलं तिला. असं काही आपल्या टेबलावर घडतंय याचं तिला मनापासून नवल वाटत होतं.

"अगं, खेळू नकोस, काम कर," म्हणत नवरा ऑफिसला गेला. मात्र ज्यांचा टॅब त्यांना हे सांगायचं राहिलं. त्याला वाटलं ती सांगेल, तिला वाटलं त्याने सांगितलं असेल.

मास्तर साडेदहाला फिरून आले. आल्याबरोबर त्यांनी रोजच्यासारखं कानातलं यंत्र काढून डबीत ठेवलं, कानांना सुट्टी दिली. आता तासभर बुद्धिबळ. टॅबवर ते कुणाशीतरी खेळत. तो कोण, कुठला, बाई की बुवा, त्यांना ठाऊक नव्हतं. पलीकडच्या सोंगट्या आपोआप सरकायच्या, त्यावरून पलीकडे एक माणूस बसलाय एवढं नक्की होतं. टॅब आपल्या जागी नाही म्हटल्यावर त्यांनी शोधला आणि तो सूनबाईच्या टेबलावर सापडला. ती स्वयंपाकघरात चहा गाळत होती. आपलीच वस्तू घ्यायला विचारायचं काय? त्यांनी टॅब उचलला, त्याचं पेन उचललं, आणि गॅलरीत जाऊन दार लावून घेतलं.

सूनबाई कप घेऊन आली ती लॅपटॉपवर डोळे लावूनच. तिने बाही पकडली आणि सवयीने उजवीकडे लोटली. बाही अर्धी गेली, पाव उरली, सगळी गेली. मग तिने मान वळवली. तिथे फक्त स्टँड होता.

तिने नवऱ्याला फोन लावला. "अरे, बाही गेली!"

"कुठे गेली?"

"उजवीकडे."

"मग टॅबवर असेल."

"टॅबच नाहीये!"

"टॅब कुठे गेला?"

"ते कळलं असतं तर बाही कुठाय तेही कळलं असतं ना!"

"थांब, घाबरू नकोस. टॅब घरातच आहे. घराबाहेर गेला असता तर जोडणी तुटली असती आणि बाही आपोआप लॅपटॉपवर आली असती."

"म्हणजे माझी बाही आत्ता घरात कुठेतरी आहे?"

"आहे, आणि उघडी आहे. ठेवतो, साहेब आलेत."

सूनबाईने उशांखाली पाहिलं, कपाटात पाहिलं, कुणाला सांगू नका, पण फ्रिजमध्येही पाहिलं. गॅलरीच्या बंद दाराशी उभी राहून, "बाबा, टॅब पाहिलात का?" म्हणून ओरडली. उत्तर आलं नाही, तेव्हा बाबा अजून फिरायलाच असतील असं तिने धरलं. जोडणी तोडायची कशी हे तिला माहीत नव्हतं, आणि सकाळपासूनची दुरुस्ती जपून ठेवायची राहून गेली होती. त्यामुळे भलतंसलतं बटण दाबायची हिंमतही होईना. तिकडे अकराला दोन मिनिटं उरली होती.

गॅलरीत मास्तर टॅबकडे बघत बसले होते. सोंगट्या नाहीत, पट नाही, नुसताच निळा पडदा. बिघडला वाटतं, असं ते म्हणताहेत तोवर डाव्या काठातून एक बाण आत आला आणि त्याच्यामागून एक बाही आली. मास्तरांनी टॅब जरा लांब धरला. आयुष्यभर त्यांच्याकडे बाह्या आल्या त्या कापडाच्या, कुणाच्या तरी हातातून. ही आपली आपण चालत आली होती. रेघ केसाएवढी बारीक, पण कुठे थरथर नाही. असा गोलावा खडूने काढायला त्यांना दहा वर्षं लागली होती. "वा!" ते मोठ्याने म्हणाले. त्यांच्या अंगावर खरोखर काटा आला होता.

मग ते जवळून बघू लागले. कोपऱ्यात लिहिलं होतं, 'वादकांचा कोट, बाही'. आणि मास्तरांना उलगडा झाला. पलीकडच्या गड्याने आज सोंगटीऐवजी बाही पुढे केली होती! तोही शिवणकामातलाच निघाला म्हणायचा, आणि नवशिका. नाहीतर वाजवणाऱ्याला खांद्यापाशी एवढ्या उंच माथ्याची बाही कोण देईल? त्यात बिचारा हात वर करणार कसा? मास्तरांनी पेन हातात घेतलं.

अकरा वाजले. लॅपटॉपवर व्यवस्थापकबाई अवतरल्या, शेजारी नमुन्याचा कोट घालून एक व्हायोलिनवाला. "दाखवा," बाई गोड आवाजात म्हणाल्या.

सूनबाईने देवाचं नाव घेतलं आणि 'पडदा दाखवा'चं बटण दाबलं. लॅपटॉपने विचारलं, पडदा एक की पडदा दोन? आणि पडदा दोनच्या छोट्या चित्रात तिची बाही धडधाकट दिसत होती! कुठे का असेना, शाबूत होती. डोळ्यांत पाणी येता येता राहिलं. तिने पडदा दोन निवडला.

"ही आमची नवी बाही," ती म्हणाली, "हिचा माथा आम्ही..." आणि थांबली. बाहीच्या माथ्याखाली एक नवी रेघ उमटत होती. तिचा हात माऊसवर स्थिर होता. रेघ स्वतःहून पुढे चालली होती.

शेवटचं केलेलं पुसायची दोन बटणं तिने झटकन दाबली. रेघ गेली. दोन सेकंदांत ती पुन्हा आली, त्याच जागी. तिने पुन्हा पुसली.

"काय चाललंय?" बाईंनी विचारलं.

"दुरुस्ती," सूनबाई म्हणाली. दुसरं काही सुचलंच नाही.

तिसऱ्यांदा रेघ आली ती ठसठशीत. बाहीचा माथा दोन बोटं खाली उतरला, दंडाला बाही रुंद झाली, काखेपाशी शंकरपाळ्याच्या आकाराची, जास्तीच्या कापडाची एक कळी जोडली गेली. एकही रेघ खोडलेली नाही, एकही चाचपडलेली नाही. सूनबाईची बोटं पुसायच्या बटणांवर होती, पण ती दाबायचं भान तिला उरलं नव्हतं. पडद्यापलीकडे व्हायोलिनवाला नकळत हात वर करून स्वतःची काख चाचपत होता. "इथेच," तो हळूच म्हणाला, "इथेच ओढतं मला."

शेवटी कळीच्या शेजारी दोन आडव्या रेघा आल्या आणि खाली एक टिंब. सूनबाई पडद्याकडे वाकली. ही खूण तिला माहीत होती. एकदा घरात कुणी नसताना तिने बाबांनी शिवलेल्या, नवऱ्याच्या लग्नातल्या कोटाचं अस्तर उसवून आतलं काम चोरून पाहिलं होतं. काखेपाशी खडूच्या अशाच दोन रेघा होत्या, आणि खाली टिंब. पुन्हा तसं अस्तर शिवायला तिला दोन दुपारी लागल्या होत्या.

"मग ही बाही शेवटची समजायची का?" व्यवस्थापकबाईंनी विचारलं. "की अजून काही बदलायचंय तुम्हाला?"

सूनबाईने दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले. "नाही," ती म्हणाली. "हीच. आमच्याकडे यापेक्षा चांगली बाही कुणी काढू शकत नाही."

बाई व्हायोलिनवाल्याकडे वळल्या. तो अजून हवेत हात धरून उभा होता. "शिवून आणा," बाई म्हणाल्या, आणि या वेळी आवाज गोड नव्हता, साधा होता. "आम्ही दुसरीकडे बघत नाही."

मीटिंग संपली. सूनबाईने आधी ती बाही दोन ठिकाणी जपून ठेवली आणि मग गॅलरीचं दार उघडलं. मास्तर टॅब मांडीवर घेऊन बसले होते. तिला बघून त्यांनी घाईघाईने यंत्र कानात घातलं.

"बरं झालं आलीस," ते म्हणाले. "अगं, काय यंत्र आहे हे! पलीकडे कुणी पोरगा आहे बघ. माझ्याशी बुद्धिबळ खेळायचा, आज त्याने चक्क बाही पाठवली. कुठून पाठवली, कशी आली, देव जाणे. मी सुधारून दिली."

सूनबाई काय सांगायला आली होती ते तिच्या ओठांवर होतं. तिने ते गिळलं आणि त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसली. "कशी काढली होती त्याने?"

मास्तरांनी जरा विचार केला. "खरं सांगू? हात सुरेख आहे. मला त्या वयात असा गोलावा येत नव्हता. पण तोरा फार. दोनदा पुसलं माझं."

"आणि तिसऱ्यांदा?"

"तिसऱ्यांदा हात मागे घेतला." मास्तरांनी समाधानाने पेन खिशाला लावलं. "तेव्हाच ओळखलं मी, हा शिकेल. उद्या येईल का गं तो?"

"येईल ना बाबा," सूनबाई म्हणाली. "त्याची कॉलरही अडली आहे."