तिवारी वाचवा!

“बॅनरचं माझ्यावर सोडा! मुंबईवाले पण बघत राहतील!” सगुणाकाकूने गावासमोर छाती ठोकून सांगितलं, आणि तिथंच माशी शिंकली.

काम काय डोंगर उचलायचं नव्हतं. धरमतर खाडीला गावाच्या बांधापुढं तिवरांचं, म्हणजे खारफुटीचं रान. ते हाय म्हणून बांध हाय, बांध हाय म्हणून भात! नायतर भरतीचं खारं पाणी थेट शेतात. हे रान राखायला रोह्याकडची एक कंपनी नि निसर्गवाली एक संस्था एकत्र आलेली. रविवारी कंपनीचे तिवारीसाहेब येऊन करारावर सही करणार. बस्स, एक सही!

काकूने पेणच्या फ्लेक्सवाल्या जगनला फोन लावला. तिकडं मशीन घरघरतंय, इकडं काकूच्या कोंबड्या कोकलतायत.

“काय वाचवा?”

“तिवर रं, तिवर!”

“तिवारी?”

“व्हय रं बाबा, तेच! किती येळा सांगू?”

झालं!

रविवारी साहेब गाडीतून उतरले, तेव्हाच बायकांनी बॅनर उलगडले. एकावर, “तिवारी तोडाल तर गाठ आमच्याशी!” दुसऱ्यावर, “तिवारीच्या मुळात चिंबोऱ्या राहतात!”

संस्थेच्या सुरभीच्या हातातला चहा सांडला. साहेब लखनौचे, मराठी यथातथाच. त्यांना दोनच शब्द कळले. एक स्वतःचं आडनाव, दुसरा ‘तोड’. आणि समोर रोपं लावायला कुदळी घेऊन आलेल्या बायका!

“ये लोग मुझे तोडेंगे?”

“नाही सर, ते झाड आहे!”

“मैं झाड हूँ?”

साहेब पळाले. गाडीकडं बायका, म्हणून खाडीकडं पळाले!

“अवो तिकडं नको! चिखल हाय!” काकू मागं धावली. हातातली कुदळ खाली ठेवायची अक्कल कुणाला? साहेब दुप्पट पळाले आणि कमरेपर्यंत रुतले, कारखान्यातल्या अर्धवट गणपतीसारखे! वर भरती चढायला लागलेली. साहेबांनी हाताला लागलेलं झाड गच्च धरलं.

“सोडू नका! तेच तिवर!” काकू ओरडली.

“यही तिवर है?”

“व्हय! त्यालाच वाचवायचंय!”

“पहले मुझे बचाओ!”

जाळ्याची दोरी टाकून ओढलं. साहेब आले, एक बूट खाडीला गेला. पण माणूस दिलदार! त्या झाडाकडं बघत, चिखलाच्या हातानं तिथंच सही ठोकली.

मग कंपनीने कायमचा लोखंडी बोर्ड लावायचं ठरवलं. काम परत जगनकडंच! या वेळी काकू जातीनं पेणला गेली.

“जगन्या, एकूण एक तिवारी काढ! एक जरी दिसला ना, तुझं मशीन खाडीत बुडवीन!”

“काढतो काकू, आईशपथ!”

बोर्ड लागला. ठसठशीत अक्षरात, “तिवर वाचवा!” काकूची छाती परत फुगली. शेजारी सुरभी मात्र तोंडावर हात धरून उभी.

“काय झालं गो?”

सुरभीने खाली बोट दाखवलं. “सौजन्य : श्री. राकेश तिवर, व्यवस्थापक.”

काकूने इकडंतिकडं बघितलं. “गो सुरभी, साहेबाला मराठी कळत नाय ना?”

“त्या रविवारपासून मराठीचा क्लास लावलाय त्यांनी, काकू.”