पंचवीस डिग्रीचा समुद्र

माझा धाकटा दीर किसन कुणाच्याही घरी गेला की चहाच्या आधी दूध मागायचा. प्यायला नाही, मोजायला. लोक सदऱ्याच्या खिशात पेन ठेवतात, याच्या खिशात लॅक्टोमीटर असायचा, म्हणजे दूध तपासायची काचेची नळी. ती दुधात सोडली की तरंगते आणि जिथे थांबते तो आकडा म्हणजे डिग्री. दूध जितकं पातळ तितकी डिग्री कमी. एकदा आम्ही पुतण्यासाठी मुलगी बघायला गेलो. सगळ्यांसमोर याने मुलीच्या आईला विचारलं, "म्हैस आजारी हाय का?" ते लग्न तिथेच मोडलं. मुलगी सुटली असं माझं मत, कारण पुतण्या आमचा होता आणि मला ठाऊक होता.

किसन गावच्या डेअरीवर दूध तपासायला होता. सकाळ-संध्याकाळ बाया किटल्या घेऊन रांगेत उभ्या आणि हा खुर्चीवर. अठ्ठावीसच्या खाली आकडा आला की किटली परत. कुणी म्हणालं, "नाना, बघा की किती घट्ट दिसतंय," तर त्याचं उत्तर ठरलेलं : "डोळ्याला इचारू नका, डिग्रीला इचारा."

आमच्या समोरच्या पारूबाईची किटली सगळ्यांत जास्त वेळा परत यायची. तिचंही बोलणं ठरलेलं होतं.

"नाना, काल म्हशीनं लई पाणी पिलं."

"तुझी म्हैस हाय का हौद?"

माझीही किटली त्याने परत पाठवली. सख्ख्या वहिनीची. दुधात पाणी होतं हे खरं, पण ते सगळ्याच घालायच्या. दिराने गप्प बसायला नको?

अशा माणसाच्या घरी कोण येणार? बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. लग्नाच्या पंगतीत त्याच्या शेजारचं पान सगळ्यांत शेवटी भरायचं. पारावर जाऊन बसला की चाललेलं बोलणं थांबायचं आणि एकेकाला घरची कामं आठवायची. मी शेजारच्या दारातून भाकरी द्यायचे. तीही तो उजेडात धरून बघायचा.

डेअरीतून मोकळा झाला त्या साली त्याला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला नेलं. डॉक्टरच्या बाहेरच्या खोलीत भिंतभर काचेची पेटी होती, तिच्यात समुद्राचं पाणी आणि रंगीत मासे. आजूबाजूला बाकं. ऑपरेशननंतर एका डोळ्यावर पट्टी बांधलेला हा दुसऱ्या डोळ्याने बघत बसला, ते बोलावणं आलं तरी उठेना. येताना एस.टी.त म्हणाला,

"काय खोली हाय वैनी! माणसं दोन-दोन तास बसत्यात. कुनी उठून जात न्हाई."

"डोळ्यांना पट्ट्या बांधलेली माणसं ती भाऊजी, उठून जातील कुठं?"

तो हसला नाही. घरी आल्यावर म्हैस विकली आणि गोठा रिकामा करायला घेतला.

मला वाटलं एखादी बरणी आणेल, त्यात दोन मासे सोडेल. यानं गोठ्याचा दवाखाना केला. गव्हाणी फोडल्या, खिडक्या बुजवल्या, उन्हानं पाणी तापू नये म्हणून पत्र्याखाली उसाचं पाचट अंथरलं. शहाबादी फरशी घातली. मूत वाहून जायची नाली तेवढी राहू दिली, पेटीचं पाणी बदलायला तीच उपयोगी पडणार होती. मंचरच्या काचवाल्याकडून माझ्या पलंगाहून लांब पेटी करून घेतली. तिच्याखालचं लोखंडी स्टँड आळेफाट्याच्या गॅरेजात वेल्डिंग करून आणलं. तिथला मिस्त्री ट्रकच्या सांगाड्यांचं काम करणारा. तो म्हणाला, "नाना, यावर हत्ती बसवला तरी चालंल." किसन म्हणाला, "हत्ती नको, समुद्र बसला पायजे."

समुद्र येणार कसा? नारायणगावहून टोमॅटोचे ट्रक मुंबईच्या बाजारात जातात आणि येताना रिकामे येतात. पुतण्या, तोच लग्न मोडलेला, असा एक ट्रक चालवायचा. किसननं त्याच्याजवळ प्लास्टिकची पिंपं दिली. पुतण्यानं बाजाराजवळच्या खाडीतून पिंपं भरली आणि पावसाळ्याच्या दिवसांत घाट चढवून दारात उतरवली. किसननं खिशातून नळी काढली, पिंपात सोडली, वाकून आकडा वाचला आणि म्हणाला,

"अठरा. पानी घातलंय."

"आवो नाना," पुतण्या ओरडला, "समुद्रात कोन पानी घालंल?"

"पाऊस घालतो. हे चालायचं न्हाई. पुढं जा, उघड्या समुद्राचं आन. पंचवीस लागलं पायजे."

त्याने समुद्रही परत पाठवला. गावभर झालं. पारूबाई चौकात म्हणाली, "बघा बया, माझीच म्हैस न्हाई, देवाचा समुद्र बी पास व्हईना." ते नापास पाणी पुतण्यानं रागारागानं नालीत ओतलं, नालीच्या तोंडाशी माझं अळू होतं, ते आठवड्यात वाळलं. त्याबद्दल मी दोघांनाही जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पुढच्या खेपेचं पाणी पास झालं. पंप लागले, बुडबुडे आले, मुंबईहून पिशव्यांतून मासे आले. पहिले थोडे मेले, नंतरचे टिकले. पांढऱ्या पट्ट्यांचे नारंगी मासे होते, निळे होते, आणि एक जाडा करडा मासा दिवसभर दगडामागे बसून फक्त खायला बाहेर यायचा. त्याचं नाव किसननं चेअरमन ठेवलं होतं.

खरी मजा पुढे झाली. पेटीतलं पाणी उन्हाळ्यात वाफ होऊन उडतं, मीठ खाली राहतं, डिग्री चढते. ती खाली आणायची तर एकच उपाय, विहिरीचं गोडं पाणी घालायचं. मोजून, तांब्या-तांब्यानं. जन्मभर पाणी घालणाऱ्यांना पकडणारा माणूस रोज सकाळी स्वतःच्या हातानं पाणी घालायला लागला. पारूबाई दारात उभी राहून बघायची.

"नाना, किती घातलं?"

"दोन तांबे."

"सवय लागंल हां. सांभाळा."

खोलीत एक गोष्ट मला पहिल्यापासून खटकत होती. किसननं तिन्ही भिंतींना फरशीचे लांब ओटे बांधून घेतले होते. मी विचारलं, "हे काय, माशांचे पाव्हणे बसणारेत?" म्हणाला, "आसूंद्या वैनी."

पहिले आठ दिवस सगळा गाव बघून गेला. "कालवण व्हतं का याचं?" एवढं प्रत्येकानं विचारलं, व्हत नाही म्हटल्यावर माशांतला रस संपला. मग कुणी आलं नाही. दुपारी मी भाकरी घेऊन जायचे तेव्हा हा एकटाच बसलेला असायचा. आज या भिंतीच्या ओट्यावर, उद्या त्या. मी म्हटलं, "जागा का बदलता?" म्हणाला, "फरशी सगळीकडून वापराय पायजे."

विजेचं लोडशेडिंग तेव्हा रोजचंच. त्यासाठी त्यानं ट्रॅक्टरची बॅटरी जोडून ठेवली होती. पण एका वैशाखात गावाची डीपीच जळाली. तिच्यातूनच सगळ्या गावाला वीज. नवी कधी येईल ते कुणी सांगेना. दुसऱ्या दिवशी सकाळी बॅटरी संपली. हवेचा पंप थांबला आणि मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले. चेअरमनसुद्धा दगड सोडून वर आला.

किसन हातानं पाणी हलवत होता. म्हाताऱ्याचा हात, किती हलणार? तो म्हणाला, "मरत्यात आता, वैनी." असा आवाज मी त्याचा भावाच्या मयतीलाही ऐकला नव्हता.

मी घरातून ताक घुसळायची रवी आणली, ओट्यावर चढले आणि घुसळायला लागले. पाण्यावर फेस आला, मासे थोडे खाली गेले. पण माझे खांदे काय लोखंडाचे नाहीत. मी दारातून हाक मारली,

"पारूऽ, रवी घिऊन ये. समुद्र घुसळायचाय!"

"निघनार काय त्यातनं?"

"निघंल ते अर्धं तुझं."

"इख निघालं तर नानाला पाज," म्हणाली, पण आली. तिच्यामागं तिच्या दोन सुना आल्या. वीज नाही म्हणजे गिरणी नाही, मोटार नाही, टीव्ही नाही. गावाला दुसरा उद्योग नव्हता. दुपारपर्यंत तिन्ही ओटे भरले. दोघी घुसळायच्या, बाकीचे बोलायचे, हात भरून आले की पाळी बदलायची. दाराशी चूल मांडून चहा झाला. किटल्या परत आल्याची सगळी जुनी भांडणं पुन्हा निघाली.

पारूबाईनं घुसळता घुसळता विचारलं, "नाना, माझं दूध किती लागायचं?"

"सव्वीस."

"आन् ह्ये?"

"पंचवीस."

"मंग ह्ये चालतंय आन् माजं चालत न्हवतं?"

खोली हसली. किसनही हसला. त्याच्या मागच्या दाढा पडल्यात हे मला तेव्हा कळलं.

रात्रीही पाळ्या लावल्या, दुसरा दिवसही तसाच गेला. तिसऱ्या दिवशी माणसं आणखी वाढली. मी घरी दूध आणायला गेले तर स्वयंपाकघरातला पंखा गरगर फिरत होता. वीज आली होती. बाहेर आले तोवर गिरणीही धडधडायला लागली.

चहा करून घेऊन गेले. खोलीत पंप बंदच. बाया घुसळत होत्या, म्हातारे ओट्यावर मांडी घालून बसले होते. मी दारामागच्या बोर्डाकडे बघितलं. फ्यूजची जागा रिकामी होती. किसनच्या खिशात, लॅक्टोमीटरच्या शेजारी, चिनी मातीचा पांढरा फ्यूज डोकावत होता.

मी बघितलं हे त्यानं बघितलं. त्यानं खिशावर हात ठेवला.

"वैनी, हितं आजून आली न्हाई," तो म्हणाला.

गिरणीचा आवाज भिंतीतून येत होता. घुसळणाऱ्या सुनांनी हात थांबवले आणि सासूकडे बघितलं. पारूबाईनं किसनकडे बघितलं, मग त्याच्या खिशावरच्या हाताकडे.

"गिरणीवाल्यानं डिझेलवर चालू केली जनू," ती म्हणाली. "घुसळा गं."

गिरणीचं डिझेलचं इंजिन भंगारात जाऊन वर्षं झाली होती, आणि ते त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. कुणी उठलं नाही.

मी पेले वाटले. माणसं वाढली होती म्हणून चहात पाणी बरंच घातलं होतं, बघूनच कळत होतं. किसननं पेला घेतला, खिशावरचा हात तसाच ठेवला, आणि न मोजता पिऊन टाकला.