राखीव झुरळे

प्रत्येक माणसाची कोणावर तरी सत्ता चालावी लागते. ती चालली नाही की त्याला अपचन होते. साहेबाला कारकून असतो, कारकुनाला शिपाई असतो, शिपायाला खिडकीबाहेर ताटकळणारी जनता असते, आणि जनतेला काहीच नाही तरी रिक्षावाला असतो. निवृत्त माणसाला मात्र कोणीच नसते. (बायको असते, पण इथे सत्तेचा विषय चालू आहे.) इंदिरानगरातल्या मेडिकल दुकानांत इसबगोल टिकत नाही, त्यामागचे शास्त्रीय कारण हेच आहे.

खंडेराव निकम ओझरच्या विमान कारखान्यात चौतीस वर्षे तपासनीस होते. पंख असो की सीटखालचा नट, खंडेरावांचा शिक्का बसल्याशिवाय काहीही पुढच्या टेबलावर सरकत नसे. जूनमध्ये शाल, नारळ आणि भिंतीवरचे घड्याळ घेऊन ते घरी आले, आणि दुसऱ्याच सकाळी त्यांच्या लक्षात आले की या घरात पोहे तपासणीविनाच ताटलीत येतात. फोडणीत मोहरी किती सेकंद तडतडते याची नोंद असावी, असे त्यांनी पत्नी उज्वलाताईंना सुचवून पाहिले. उज्वलाताईंनी दिलेले उत्तर एका शब्दाचे होते. त्यानंतर खंडेराव आठ दिवस गॅलरीत बसून होते.

बापाची ही दशा फोनवर ऐकून पुण्याला नोकरी करणाऱ्या रोहितने ऑनलाइन एक बंदूक मागवून दिली. पिवळीधमक, प्लॅस्टिकची, वजनाला दुधीभोपळ्याएवढी. तिच्यात काडतुसाऐवजी साधे खायचे मीठ भरायचे, खटका मागे ओढायचा, नेम धरायचा, चाप दाबायचा. फट्ट असा आवाज होतो, चिमूटभर मीठ सुटते आणि दोन हातांवरची माशी जागच्या जागी आडवी होते. वर्तमानपत्राच्या घडीने मारलेल्या माशीचा नुसता डाग उरतो. मिठाने मारलेली माशी सहा पायांसकट शाबूत राहते आणि तिची रीतसर तपासणी करता येते. मानवजातीने तपासनिसांसाठी मुद्दाम असे दुसरे काही बनवल्याचे ऐकिवात नाही.

पहिली माशी साखरेच्या डब्याच्या झाकणावर पडली. खंडेरावांना मजा आली. याला दुसरा भारदस्त शब्द शोधून उपयोग नाही. साठ वर्षांचा, मधुमेह असलेला, दोन मुलांचा बाप असलेला माणूस स्वयंपाकघरात उभा राहून एकटाच हसला.

मजा करायची तर ती नियमाने, म्हणून त्यांनी दोनशे पानी वही आणली. त्यात मृत, अंशतः मृत आणि फरार असे तीन रकाने आखले. फरारचा रकाना झुरळांसाठी ठेवावा लागला. झुरळ मिठाने सहसा मरत नाही. ते उलटे पडते, पाय झाडते, थोडा विचार करते आणि फ्रीजखाली निघून जाते. उलटे पडले म्हणजे बाद, असा निर्णय खंडेरावांनी दिला, आणि एकच झुरळ आठवड्यातून चार वेळा बाद होऊ लागले. पालीला अभय होते, कारण ती याच कामावरची जुनी कर्मचारी. पहिल्या तिमाहीचा गोषवारा असा: फैरी ४१२, माश्या ३९, डास ६ (पुरावा अपुरा), झुरळे ११, त्यांपैकी फरार ११, आणि कारखान्याने दिलेले घड्याळ १.

गणपतीपर्यंत सोसायटीत अकरा बंदुका झाल्या. सोसायटीचे सेक्रेटरी शेखर भामरे यांनी पुढाकार घेऊन कीटक निर्मूलन मंडळ काढले आणि अध्यक्षपदी खंडेरावांना बसवले. दर रविवारी गच्चीवर चिवडा आणि आढावा होई. ज्या माणसांनी वीस वर्षे कचऱ्याच्या डब्याला झाकण लावले नव्हते, ती आता माशी बसलेली पाहून एकमेकांना अगत्याने आधी नेम धरायला सांगू लागली. सोसायटीत एवढा एकोपा पाण्याच्या टँकरच्या वेळीही दिसला नव्हता.

मंडळाचे काम इतके चोख झाले की दिवाळीत माशी औषधालाही उरली नाही. त्यात नाशिकची थंडी पडली आणि झुरळेही दिसेनाशी झाली. ज्या खात्याला काम उरत नाही त्याचे टेबल दुसऱ्या खात्यात जाते, हे खंडेरावांना कोणी शिकवायला नको होते. सव्वीस जानेवारीला तर नेमबाजीचा प्रजासत्ताक चषक ठरला होता. तेव्हा मंडळाने एकमताने धोरण बदलले आणि निर्मूलनाच्या जोडीला संवर्धन हाती घेतले. ओला कचरा एक दिवस शिळा करून बाहेर काढावा. पिल्लांवर फैर झाडू नये. आणि सोसायटीची वार्षिक कीटकनाशक फवारणी चषकापर्यंत तहकूब ठेवावी. शेवटचा ठराव सोसायटीच्या सभेत अकरा विरुद्ध तीन मतांनी मंजूर झाला. (विरोधातल्या तिघींपैकी दोघी उज्वलाताईंच्या भिशीतल्या असल्याने त्यांचे मत वैयक्तिक मानण्यात आले.)

संवर्धनाला उबदार जागा हवी होती. खंडेरावांच्या घरात एक खोली रिकामी होती. ती निकिताची, म्हणजे त्यांच्या लेकीची. दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन ती दिंडोरीकडे द्राक्षबागायतदारांच्या घरी गेली होती. खोलीत तिचा पलंग, बारावीची पुस्तके आणि आरसा तेवढा राहिला होता. खंडेरावांनी तिथे पुठ्ठ्याची खोकी रचली, अंड्यांचे ट्रे मांडले, कोपऱ्यात गूळ ठेवला आणि साठ वॉटचा दिवा रात्रंदिवस चालू ठेवला. दाराला कडी घातली आणि आत कारखान्याचे गोपनीय कागद असल्याचे उज्वलाताईंना सांगितले. चौतीस वर्षे गोपनीय कागदांबद्दल ऐकत आलेल्या उज्वलाताईंचा विश्वास बसला. यंदा संक्रांतीचा गूळ तिळगुळापर्यंत का पुरला नाही, हे मात्र त्यांना उमगेना.

याच सुमारास निकिताला सातवा लागला. पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत सगळ्यांना ठाऊक आहे. एक फेब्रुवारीला निकिता येणार असे ठरले आणि उज्वलाताईंनी डिंक, खारीक, आळीव आणून डबे भरले. लेक दोन वर्षांनी चार महिने राहायला येणार म्हणून खंडेरावही मनापासून खूश होते. त्यांनी पाळण्याचे हूक स्वतः तपासले. अडचण एकच होती. घरात फवारणी करायची तर ती आताच, कारण औषधाचा वास पोटुशीला चालत नाही आणि पंधरा-वीस दिवस मध्ये जायला हवेत. उज्वलाताईंनी बारा जानेवारीला माणूस बोलावला. बारा तारखेला फवारणी म्हणजे सव्वीस तारखेला चषक नाही.

माणूस पंप घेऊन दारात आला तेव्हा उज्वलाताई बाजारात होत्या. खंडेरावांनी औषधाची बाटली उजेडात धरली, बॅच नंबर पुसट असल्याचे सांगितले आणि माल नापास केला. तो बिचारा पंप खांद्याला लावून जिना उतरला. पुढच्या आठवड्यात नक्की, असे खंडेरावांनी उज्वलाताईंना सांगितले. पुढच्या आठवड्यात ते पुन्हा तेच म्हणाले.

त्याच संध्याकाळी निकिताचा फोन आला. तब्येत, जेवणखाण, पायांची सूज असे बोलून झाल्यावर तिने सहज विचारले, "पप्पा, माझ्या खोलीत आता काय आहे?"

"काही नाही गं," खंडेराव म्हणाले. "थोडं सामान आहे. तीस तारखेला काढतो."

चषक खंडेरावांनी जिंकला. सतरा माश्या, नऊ झुरळे, आक्षेप एकही नाही. झेंडावंदन झाल्यावर राखीव साठा गच्चीवर सोडण्यात आला होता. स्पर्धेनंतर उरलेला साठा, अंदाजे एकशे दहा, खंडेरावांनी जपून परत खोलीत आणला आणि चषक निकिताच्या पुस्तकांशेजारी ठेवला. चार दिवसांत हे सगळे हलवायचे, असे त्यांनी खरोखरच ठरवले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी निकिताच्या सासूबाई, बायडाबाई, न कळवता आल्या. वाईट हेतूने नव्हे; नाशकात दवाखान्याचे काम होते, येताना द्राक्षांची पेटी आणि मेथीच्या दोन जुड्या आणल्या होत्या. चहा झाला. पोरगी निजणार कुठे तेवढे पाहून जाते, असे म्हणत त्या उठल्या. खंडेराव गोपनीय कागदांबद्दल काही बोलू लागले, तोवर बायडाबाईंनी कडी काढली होती.

दिवा चालूच होता. झुरळे पळाली नाहीत. त्यांना माणसांची सवय झाली होती. पलंगावर होती, बारावीच्या पुस्तकांवर होती, आरशावर होती, गुळावर तर गर्दीच होती. उज्वलाताईंनी गुळाकडे पाहिले, मग नवऱ्याकडे पाहिले. खंडेरावांना इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि तरीही त्यांच्या मनाने एका कोपऱ्यात साठा मोजला, हे सांगितलेच पाहिजे.

बायडाबाईंनी आवाज चढवला नाही. "व्याहीबुवा, झुरळं आमच्याकडं बी हायेत," त्या म्हणाल्या. "मळ्यातलं घर म्हटल्यावर असायचीच. पण आमी त्यांना गूळ नाय घालत."

पदर सारखा करून त्या दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. "बाळंतपण तिकडंच करू. पण का, ते तिला मी नाय सांगायची. तुमी सांगा."

खंडेरावांनी दोन दिवस लावले. कारखान्यात असते तर या कामासाठी नमुना पत्र मिळाले असते. शेवटी फोन लावून त्यांनी सांगितले की घरात फवारणी राहून गेली आहे, आणि आता केली तर वास जाणार नाही.

"का राहिली?" निकिताने विचारले.

खंडेराव औषधाच्या पुसट बॅच नंबराबद्दल सांगू लागले.

"बंदुकीसाठी, पप्पा?" ती म्हणाली, आणि उत्तराची वाट न पाहता "बरं" म्हणून तिने फोन ठेवला.

उज्वलाताईंनी डिंक, खारीक आणि आळीव पिशवीत भरले आणि दिंडोरीची एसटी धरली. लेकीच्या बाळंतपणाला आईने लेकीच्या सासरी जाऊन राहायचे, असे त्यांच्या माहेरी-सासरी कोणी केले नव्हते. लोक काय म्हणतील, असे विचारायला खंडेराव जिन्यापर्यंत गेले आणि न विचारताच परत आले. त्या रात्री त्यांनी दिवा बंद केला. पुढचे सात दिवस त्यांनी ती खोली एकट्याने धुतली, खोकी जाळली, फवारणी करून घेतली (बॅच नंबर पाहिला नाही), चुना लावला, पलंगावर इस्त्रीची चादर घातली. आता त्या घरात एकही कीटक नाही. सोसायटीतली ती सर्वात स्वच्छ खोली आहे आणि तिच्यात कोणीही राहत नाही.

मार्चअखेर निकिता सुखरूप बाळंत झाली. बारशाला खंडेराव पाहुण्यासारखे गेले आणि पाहुण्यासारखे परत आले. इकडे कधी येतेस, असे त्यांनी निकिताला विचारले. ऊन कमी झाल्यावर बघू, ती म्हणाली. बंदूक त्यांनी शेखर भामऱ्यांच्या हवाली केली. अध्यक्षपदही भामऱ्यांकडेच गेले असून सभासदसंख्या आता एकोणीस आहे.

ही हकिकत इंदिरानगरात, पंचवटीत आणि ओझरच्या कँटीनमध्ये मिळून किमान दोनशे जणांना सांगून झाली आहे. सगळे पोट धरून हसले, मग खंडेरावांबद्दल हळहळले, आणि मग प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला. निकिताला मुलगा झाला की मुलगी, हे आजवर एकानेही विचारलेले नाही. तुम्हीही नाही. तेव्हा तुमचाही प्रश्न तोच असणार असे धरून उत्तर देऊन ठेवतो: ऑनलाइन मिळते, चार दिवसांत घरपोच येते, मीठ आपले आपण घालायचे.